कार्डाचा चौथा कोपरा

जवळ ये गो शेवंते. तू तिकडे कल्याणला आणि मी इथं ओट्यावर, हे मला ठाऊक आहे. पण वाचताना तरी जरा पुढं सरकून बस, कारण मला तुला आधी रागवायचंय, आणि लांबून रागवलं की माझा घसा बसतो. तुझं कार्ड परवा आलं. तीन ओळी. मी बरी आहे, गुडघा दुखतो, यंदाही जमेलसं वाटत नाही. एवढ्यासाठी कार्ड कशाला खर्ची घातलंस, हे मी विचारत नाही. मी विचारते, ते पेटीत टाकताना त्याचे चारी कोपरे पाहिलेस का? खालचा उजवा कोपरा जागेवर नव्हता. नातवानं फाडला असेल, नाहीतर कुठं मुडपून तुटला असेल. इथं टपालवाल्यानं ते माझ्या हातात ठेवलं आणि मांडीवरचं वालाचं सूप उलटं झालं. सकाळपासून सोललेले वाल सगळे अंगणात. कोंबड्यांची मात्र चंगळ झाली.

मग चष्मा शोधला, तो डोक्यावरच होता. तुझं अक्षर दिसलं, तुझ्याच हाताचं, शेवटच्या ओळीत खाली घसरत जाणारं. तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

तू म्हणशील, मावशी म्हातारी झाली, कागदाच्या तुकड्याला भिते. तुला कुणी सांगितलंच नाही त्याला तू तरी काय करशील? तुझ्या आईनं सांगितलं नाही. तुझ्या बापानं तर मुळीच नाही. सांगणारी मी एकटी उरले, आणि मीही इतकी वर्षं टाळलं. का टाळलं, ते पुढं येईल. सरळ येणार नाही. मी बोलते तशी लिहिते, आणि बोलताना मी वाट सोडून शेतात शिरते हे तुला माहीत आहे.

आता पौष चालू आहे. सकाळी धुकं असं पडतं की समोरचा बांध दिसत नाही, नुसता वालाच्या फुलांचा वास येतो. त्या धुक्यातून पाय वाजतात. पोलीस भरतीसाठी गावातली पोरं पळतात हल्ली, दोन पोरीसुद्धा. रस्त्यानं जाताना दिसत नाहीत, ऐकू येतात. धप धप धप. मी चहाची कपबशी हातात धरून मोजत बसते. उजवा, डावा, उजवा, डावा. कुणाचा पाय अडखळतोय का, कुणी एका पायावर जास्त भार देतंय का. चहा गार होतो. सून म्हणते, "आत्या, तुमाला काय त्यांची भरती घ्यायची हाय?" मला हे पळणं ऐकायची सवय दहाव्या वर्षी लागली, आणि ती जात नाही.

ते साल मला सांगता येणार नाही. मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीचं, एवढं नक्की. भात कापून खळ्यावर आलं होतं आणि गावात उंदीर पडायला लागले. पहिला आमच्याच घरात पडला, कणगीच्या मागं. दिवसाढवळ्या बाहेर आला, गरागरा फिरला आणि पाय वर करून पडला. आयनं तो सुपलीत घेऊन बाहेर टाकला आणि राखेनं हात धुतले. गावाच्या कडेला कातकऱ्यांची वाडी होती, ती माणसं दुसऱ्याच दिवशी भांडीकुंडी उचलून रानात गेली. आमच्या लोकांना मात्र दोन मयतं व्हावी लागली. जांघेत गाठ, अंगात आग, आणि तिसऱ्या दिवशी माणूस नाही.

मग सगळं गाव बाहेर पडलं. कौलारू घरांची कौलं उतरवून ठेवली, आत ऊन पडावं म्हणून. कापलेल्या भाताच्या खाचरांत खोपट्या उभ्या राहिल्या. कारवीचा कूड, वर पेंढा, दाराला गोणपाट. आम्हा पोरांना आधी मजा वाटली, खोटं कशाला बोलू. शाळा बंद, घर सारवायचं नाही, निजल्या जागेवरून चांदण्या दिसतात. पहाटे पेंढ्यावर दव पडायचं आणि टपटप अंगावर गळायचं. दिवसभर उन्हात वाल खुडायचे, तिन्हीसांजेला तांदळाची भाकर आणि सुकट. कुणी म्हणालं असतं की कायमचं इथंच राहा, तर मी राहिले असते.

पण रोज सकाळी पळायला लागायचं.

हे कुणी काढलं कोण जाणे. गाठ आलेलं माणूस सांगत नाही. सांगितलं की त्याला ओढ्यापलीकडच्या खोपटीत टाकायचे, मधल्या बांधावर राखेची रेघ ओढायचे, आणि त्या रेघेपलीकडं कुणी जायचं नाही. म्हणून लपवायचे. आया पोरांचं लपवायच्या. पण जांघेत गाठ असली की पळता येत नाही, पाय फाकतो, माणूस लंगडतं. मग उजाडलं की सगळ्यांना, पोरांना, बायांना, चालत्या म्हाताऱ्यांनाही बांधावरून त्या टोकाच्या सागापर्यंत पळवायचे. बाकीचे उभे राहून बघायचे. कुणी हसायचं नाही. धसकटं पायात घुसायची, तरी लंगडायची सोय नव्हती. काटा भरला तर आधी ओरडून सांगायचं, "काटा हाय, काटा हाय," आणि थांबून सगळ्यांना काढून दाखवायचा. तुझी आई, माझी आक्का, तेवढी या पळण्यातून सुटलेली. तिला सातवा सरला होता. तू पोटात होतीस. ती नुसती चालायची, आणि ती चालायची तेव्हा आय दुसरीकडं तोंड करून उभी राहायची.

मी पळण्यात सगळ्यांच्या पुढं. दुसरं मला येत होतं ते वाचणं. शाळेत दीड वर्ष गेले होते, तेवढ्यावर बाळबोध अक्षर जुळवता यायचं. पुस्तक कुठलं? किन्हवलीला दुकानातून गूळ-हळद यायची ती छापील कागदात बांधून. तो कागद मी चाटूनपुसून वाचायची. अर्धी बातमी, अर्धी जाहिरात, अर्धी गोष्ट. त्याच दुकानाच्या ओटीवर तात्या म्हणून एक म्हातारे बसायचे, लोकांची पत्रं लिहून द्यायचे, आलेली वाचून दाखवायचे. छापील रद्दीतला बरा कागद ते माझ्यासाठी काढून ठेवायचे. त्या वर्षी माझ्याकडं असे नऊ कागद होते, आणि त्यातला एक लाखमोलाचा. समुद्रात जहाज फुटलेल्या एका सावकाराच्या लेकीची गोष्ट होती त्यावर. ती फळीला धरून वाहत जाते आणि कागद संपतो. तो मी कमरेला खोचून फिरायची.

आमची मोठीआय म्हणजे थोरल्या चुलत्याची बायको. सोळाव्या वर्षी कपाळ पांढरं झालेली, तेव्हापासून आमच्याच घरात. बोलणं कडक, हात त्याहून. देवाधर्माचं, सोयर-सुतकाचं सगळं तिला विचारून व्हायचं. नजर अधू झाली होती तिची, पण बोटांना सगळं कळायचं. मुठीत भात घेऊन सांगायची कुठल्या खाचरातलं. गाव सोडलं तरी ती दोन-चार दिवसांनी एकटी रिकाम्या घरात जाऊन यायची, बियाण्याच्या भाताची कणगी चाचपायला. आय म्हणायची, "नका जाऊ, उंदीर पडलेत तिथं." ती म्हणायची, "बी गेलं तर पावसात काय पेरशील, तुजी जीभ?" हे ध्यानात ठेव गो, मला पुढं लागणार आहे.

माझा बाप तेव्हा आसनगावला. गवताच्या गाड्या घेऊन टेसनावर गेला आणि रस्ते बंद झाले, तिकडेच अडकला. तुझा बाप टोकावड्याकडं आपल्या घरी. त्या घरात माणूस एकच, तुझा बाप. आईवडील आधीच गेलेले. टोकावड्याकडंही साथ आहे, असं कानावर आलं होतं. आक्का नुसती टपालाच्या दिवशी मोहाच्या झाडाकडं बघत बसायची.

त्या झाडाला एक डबा टांगला होता. टपाल आणणारा माणूस आमच्या हद्दीत शिरायचा नाही. पत्र डब्यात टाकायचा, दगडानं डबा वाजवायचा आणि पळायचा. मग मी धावत जाऊन आणायची. बरेच दिवस काही आलं नव्हतं. आमच्या गावाची पत्रं कुठं पडवीत, पोत्यात पडून राहिली होती, असं मागून कळलं. आणि मग एक दिवस सकाळी डबा वाजला.

मी हसत आणलं ते कार्ड. हे मला अजून टोचतं. लांबूनच हात उंच करून ओरडत आले, "आक्का, दाजींचं कार्ड." आमच्याकडं कार्ड यायचं ते त्या एकाच घरातून. बाया उन्हात बसल्या होत्या. मी आक्काच्या पुढ्यात कार्ड धरलं, आणि शेजारची कुणीतरी हळूच म्हणाली, "कोपरा नाय."

तुमच्या शहरात हे उरलं नसेल. आमच्याकडं माणूस गेलं की कळवायच्या कार्डाचा कोपरा फाडायचे. ज्याला वाचता येत नाही त्यालाही हातात घेताच कळावं. असं कार्ड कुणी वाचत बसायचं नाही. खाली टाकायचं, रडायचं, आंघोळीला पाणी ठेवायचं. माझ्या हातून ते खाली पडलं. आक्का रडली नाही. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले, हिरव्या बांगड्या भरलेले, आणि पोटाशी धरून बसली. एक बाई उठून वरवंटा घेऊन आली. बांगड्या फोडायला.

मी खाली वाकून कार्ड उचललं. वाचता येत होतं ना मला, त्याची केवढी ऐट. आणि बघते तर सगळी मोडी. बाळबोधातलं एक अक्षर नाही. काळ्या मुंग्यांची रांग एकमेकींना धरून चालल्यासारखी. नऊ कागद पाठ असलेली मी त्या कार्डापुढं ठार आंधळी.

आय म्हणाली, "वाचून तरी घेऊ."

मोठीआय म्हणाली, "काय वाचायचं? त्या घरात माणूस कितीक हायती? उशीर केला तर त्याचा जीव अडकंल. मी केलावता का उशीर?"

"तुमचं तुमच्यापाशी. माजी पोर गरवार हाय. कागद वाचल्याबिगर मी तिच्या हाताला हात लावू देनार नाय." आय मोठीआयपुढं कधी बोललेली मी ऐकली नव्हती. त्या दिवशी बोलली.

पण वाचणार कोण? शाळेचे मास्तर आपल्या गावी गेलेले, बाप आसनगावला. मी म्हटलं, "किन्हवलीला तात्या हायेत. मी जाते."

मोठीआयनं वर बघितलं. तिला सूर्य दिसत नसे, ऊन गालावर कुठं लागतं त्यावरून ती वेळ सांगायची. म्हणाली, "दिस त्या सागाच्या शेंड्याला टेकंस्तवर थांबते. पुढं नाय." आणि तिनं काय केलं माहीत आहे? आक्काच्या शेजारी जाऊन बसली, तिचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि वरवंटा आणणारीला म्हणाली, "तू तो खाली ठेव. तवर हे हात माज्याकडं हायेत."

मी कार्ड चोळीत खोचलं आणि पळाले.

दीड कोस होतं गो. वाटेनं गेले असते तर लांब पडलं असतं, म्हणून खाचरांतून. कोरड्या ओढ्यातले गोटे तापलेले. मी रोज सकाळी पळायची ती लोकांनी बघावं म्हणून. त्या दिवशी बघायला कुणी नव्हतं आणि पाय मात्र जड. मधेच वाटायचं, हळू जावं. उशिरा पोचले तर तेवढा वेळ दाजी जिवंतच. मग आक्काचे पदराखालचे हात आठवायचे आणि पुन्हा पळायची.

किन्हवलीच्या तोंडाशी रस्त्यावर बोरीच्या काट्या टाकून वाट अडवलेली, मागं दोघं काठ्या घेऊन. "कुठली गो तू? मागं हो. तिथंच उभी ऱ्हा." मी गावाचं नाव घेतलं तसे ते स्वतःच चार पावलं मागं सरले. मी नुसती "तात्या, तात्या" करून बोंब ठोकली. दुकान तिथून दिसायचं. तात्या काठी टेकत आले, हातात चिमटा. मी कार्ड दगडावर ठेवून मागं झाले. त्यांनी ते चिमट्यात धरलं, उन्हाकडं केलं, डोळे बारीक केले.

"कोपरा कुणी फाडला?"

"असाच आला."

"फाडलेला नाय हा. फाडला तर सरळ फाटतो. हे बघ, विळ्याच्या दातासारखं. उंदरानं कुरतडलंय." मग त्यांनी वाचलं. आधी मनात. त्यांचे ओठ हलत होते आणि मी त्यांच्या ओठांकडं बघत होते. त्या वेळाएवढा लांब वेळ मी पुन्हा पाहिला नाही, आणि माझी सहा बाळंतपणं झालीत.

"तुझ्या दाजीनंच लिवलंय," तात्या म्हणाले. "त्याच्याच हातचं. आणि पोरी, मेलेली मानसं कार्डं लिवत नायत."

त्यांनी दोनदा वाचून दाखवलं. ताप आला होता, गाठ आली होती, ती फुटली. आता पेज घेतो. पाय टेकता आला की येतो. आणि शेवटी लिहिलं होतं, मी आजारी होतो हे हिला कळू देऊ नका, तिची अवस्था नाजूक आहे. कळू देऊ नका. उंदरानं मात्र कळवायचं ते कळवून टाकलं होतं.

"कधी लिवलंय?" मी विचारलं.

तात्यांनी बोटं मोजली. "नऊ दिवस झाले. पण गाठ फुटली म्हंजी वाचला. जा, सांग जा. आन हे इथंच जाळ. उंदराच्या तोंडातलं हाय. अंगाला लावू नको." त्यांनी कार्ड दगडावर ठेवलं आणि काड्यापेटी माझ्याकडं फेकली.

आता ऐक. मी सुकं गवत गोळा केलं, तात्यांकडं पाठ केली आणि पेटवलं. कागद जळला. त्यांच्या अधू डोळ्यांना तेवढंच दिसलं. पण जळला तो माझा कमरेचा कागद होता, सावकाराच्या लेकीचा. कार्ड मी पुन्हा चोळीत घातलं. कारण मला मोठीआय ठाऊक होती. दहा वर्षांच्या पोरीच्या तोंडच्या गोष्टीवर ती सुतक मोडणार नव्हती. तिच्या हातात काहीतरी द्यायला हवं होतं.

परत आले तेव्हा सूर्य सागाच्या शेंड्याला टेकत आला होता. सगळे तसेच बसलेले. आक्काचे हात अजून मोठीआयच्या हातात. मी कार्ड काढलं आणि पाठ केलेलं घडाघडा म्हटलं, बोट ओळीवरून फिरवत, जशी काही मी वाचतेय. बोट भलत्याच ओळीवर होतं. आयनं देवाला हात जोडले. मोठीआय मात्र म्हणाली, "दे इकडं."

तिनं कार्ड घेतलं आणि त्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. एकदा. पुन्हा एकदा, हळू. भाताचा दाणा चाचपावा तसा.

"दात हायेत," ती म्हणाली. "उंदराचं काम, मेल्याचं." आणि हसली. मी तिला इतकी हसताना पाहिलंच नव्हतं, तोंडातले राहिलेले दोन्ही दात दिसले. आक्का कार्डाला हात लावायला पुढं झाली तशी मोठीआय कडाडली, "लांब हो. तू हात लावायचा नाय. पोटातल्याला जप." मग तिचं तोंड एकदम उतरलं. माझ्याकडं वळली. "आन तू हे उराशी धरून आनलंस?"

सगळ्या बाया मागं सरकल्या. आयसुद्धा. आय मागं सरकली नाही असं मी तुला सांगू शकते, पण सरकली. आक्काला धरून सरकली, तिच्या पोटात तू होतीस, आणि मला त्याचा राग नाही.

ओढ्यापलीकडं जायचं, दहा दिवस. हे सगळ्यांना ठाऊक होतं. पलीकडली खोपटी तेव्हा रिकामी होती. रिकामी का, तेही सगळ्यांना ठाऊक होतं. मी उभी राहिले. ओढ्याकडं बघत. तेव्हा मोठीआयनं कार्ड आपल्या ओच्यात खोचलं, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि म्हणाली, "मी पन धरलंय ना? चल भागे. एकटीला तुला घुशी नेतील."

ते दहा दिवस, शेवंते, मला सगळे पाठ आहेत. आय बांधावर राखेच्या रेघेअलीकडं पेज आणि वालाचं कालवण ठेवायची, हाक मारायची आणि मागं जायची. दुसऱ्या दिवशी माझे कागद बोचक्यात बांधून भिरकावले. मी मोठीआयला वाचून दाखवायची. साबणाची जाहिरात ऐकून ती म्हणाली, "गोरं होऊन काय करायचंय? भात लावायलाच जायचं ना?" खोकल्याच्या औषधाची जाहिरात तिला फार आवडली, ती तीनदा वाचायला लावली. आठ कागद दोन दिवसांत संपले. मग तिला जळलेल्या कागदाची गोष्ट सांगितली. फळीला धरून वाहत गेली, इथवर.

"पुढं?"

"पुढचा कागद नाय."

"कागद नाय तर तू हायस ना. सांग."

मग मी सांगायला लागले. रोज थोडं. ती मधेच अडवायची. "समुद्रात ती जेवती काय?" मी मासे खाऊ घातले. "कच्चे?" मग बेट आणलं, चूल आणली. लोक विचारतात, मावशी, तुम्ही गोष्टी लिहायला कुठं शिकलात. काय सांगू त्यांना?

रोज सकाळी बांधाअलीकडून हाक यायची, "पळा." मी राखेच्या रेघेपर्यंत पळायची आणि परत. पलीकडं आय उभी असायची, ओठ दाताखाली धरून. मोठीआय पेजेचं भांडं आणायला चालत जायची, तेवढ्यावर तिला सोडायचे.

सातव्या सकाळी हाक आली तेव्हा ती खोपटीच्या दारात बसली होती, पाय लांब करून. म्हणाली, "भागे, आज तू दोनदा पळ. माज्या वाटचं पन."

मी दोनदा पळाले. खुशीत पळाले. वाटलं, लाडात आलीय म्हातारी. पेजेचं भांडंही मीच आणलं. तिनं पेज पुढं ओढली, खाल्ली नाही. म्हणाली, "आता आत झोपू नको. उन्हात बस. तिथनंच सांग गोष्ट." मी उन्हात बसून सांगितली. दोन दिवस दारातून सांगितली. ती आतून म्हणायची, "पुढं?" हळू म्हणायची. नवव्या दिवशी दुपारी मी बेटावर जहाज आणलं, आणि आतून "पुढं" आलं नाही.

खोपटीसकट पेटवलं. कार्ड तिच्या ओच्यातच होतं. मला काही झालं नाही. दहा दिवस भरले, मी रेघ ओलांडून आले, आयनं मला कडुनिंबाच्या पाण्यानं अशी घासली की कातडी निघेल. मग छातीशी धरलं आणि सोडलंच नाही.

आता सांगते का टाळलं ते. पुढं बऱ्याच वर्षांनी शहापूरला एका नर्सबाईला मी हे विचारलं. ती म्हणाली, आजी, तो रोग उंदराच्या पिसवांनी येतो, नऊ दिवसांच्या कोरड्या कागदानं नाही. तुमची मोठीआय त्या घरात जायची ना, बियाणं बघायला? तिथूनच आला असेल. मी मान हलवली. बरोबर आहे तिचं. पण त्या दुपारी मी तात्यांचं ऐकलं असतं, कार्ड जाळलं असतं, तर मोठीआय माझ्यासोबत ओढ्यापलीकडं आली नसती. आपल्या माणसांत गेली असती, नाहीतर गेलीच नसती. आणि जाळलं असतं तर आक्काच्या बांगड्या फुटल्या असत्या, नवरा जिवंत असताना, तू पोटात असताना. दोन्ही बाजूंनी मी हे पन्नासदा तोललंय. पारडं एका जागी राहत नाही.

माघात तुझा बाप आला. बांधाअलीकडं लोकांनी अडवला. "पळून दाखव." गाठ फुटून गेलेली, पण शीर आखडली होती, तो लंगडत होता. लोक काठ्या घेऊन पुढं झाले. तो ओरडला, "जुनं हाय, बरं झालेलं हाय," तरी कुणी ऐकेना. आक्का तुला पोटात घेऊन खोपटीबाहेर आली, त्याला बघितलं, त्याचा तो वाकडा पाय बघितला, आणि हसता हसता खाली बसली. दहा दिवस त्यालाही पलीकडं ठेवला, नव्या खोपटीत. आक्का रोज अलीकडून बघायची. तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या पार पलीकडपर्यंत वाजायच्या.

तो आयुष्यभर लंगडला. तुला सांगितलं ना, बैलगाडीतून पडले म्हणून? तुला भीती वाटू नये म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. मीही त्यात होते. त्या वर्षीच्या पावसात मोठीआयनं राखलेलं बी पेरलं, आणि ते उगवलं. मी मात्र तात्यांकडं जाऊन मोडी शिकले. आधी कबूल केलं, की त्या दिवशी जळला तो कार्डाचा कागद नव्हता. त्यांनी पाटी पुढं केली.

आता तुझं कार्ड माझ्यापुढं आहे. मी अंगठा फिरवून बघितला. दात नाहीत, सरळ फाटलंय. नातवाचंच काम. पण तू ये. गुडघा दुखतो म्हणतेस, मला पटतं, माझे दोन्ही दुखतात. फाट्यावर एसटी थांबते, तिथून आमचं घर दिसतं, वाल अजून पंधरा दिवस तरी हिरवे आहेत. मी ओट्यावर बसून असते. तू बांधावरून येताना मला आधी तुझे पाय ऐकू येतील. लंगडत आलीस तरी चालेल गो. लंगडत येणारं माणूस आलेलं असतं. लवकर ये.